वरचा थर

मानसी मॅडमनी चहाचा कप पुढे केला, पाठोपाठ बिस्किटांची बशी सरकवली, तेव्हाच गुलाबच्या मनात पाल चुकचुकली. कामावर ठेवून घ्यायच्या पोरीच्या बापाला कंपनीत कोणी बिस्किटं देत नाही. देत असेल तर त्यामागे काहीतरी असतं.

"घ्या ना काका. संकोच कशाला?"

"घेतो नं बाई." त्यानं एक बिस्कीट उचललं आणि बशीच्या कडेला तसंच ठेवून दिलं.

खोली थंडगार होती. मॅडम नागपूरकडच्या, तिशीतल्या, बोलायला मऊ. बोरगावच्या त्या कारखान्यात फरसाणाची पाकिटं भरून खोक्यांत बंद होत, आणि माणसं कामावर घेण्याची जबाबदारी मॅडमकडे होती. त्यांच्या मागच्या भिंतीवर एक भलंमोठं बॅनर लावलेलं होतं. निळ्या शर्टातला एक तरुण हातात खोकं धरून उभा, आणि त्याच्या पायाशी हिंदीतली ठळक अक्षरं. गुलाब अक्षरं शिकला तोच मुळी पोरगी झाल्यावर, मोहगावच्या प्रौढांच्या वर्गात. त्यामुळे वाचायला त्याला वेळ लागायचा. हम... सबको... साथ लेकर... चलते हैं.

"हा आमचा रोशन," त्याची नजर पाहून मॅडम म्हणाल्या. "तुमच्या पल्लवीसारखाच. त्यालाही ऑटिझम आहे. पण काम बघा त्याचं! आमची कंपनी अशा मुलांना सांभाळून घेते, काका. धोरणच आहे आमचं. सुचिता मॅडम बोलल्या असतील ना?"

बोलल्या होत्या. सौंसरच्या केंद्रात सुचिता मॅडम पल्लवीसारख्या पोरापोरींना हाताची कामं शिकवत. त्यांनीच हे काम सुचवलं होतं. पण त्यांनी कंपनी आतून पाहिली नव्हती, हेही गुलाबनं विचारून घेतलं होतं.

"तिले गर्दी सहन होत नाही," तो म्हणाला.

"नो प्रॉब्लेम."

"कोनी एकदम हात लावला तं घाबरते."

"आम्ही सगळ्यांना सांगून ठेवू."

"बोलत नाही जास्त. बोलली तं तेच तेच बोलत राह्यते."

"काही हरकत नाही, काका. सोमवारपासून पाठवा तुम्ही. गाडी मोहगावच्या फाट्यावर येतेच."

उत्तरं इतकी झटपट येत होती, की बाईंनी प्रश्न ऐकला तरी का, असं वाटावं. काहीच अडत नव्हतं. आणि जिथं काहीच अडत नाही, तिथं गुलाबचा जीव अडकायचा.

त्याला कारण होतं. त्याची उमर पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या भरण्यात गेली होती. पेटी कशी भरायची ते शेठ सांगायचा. खाली किरकोळ माल, मधे बरा, आणि वरच्या थराला टपोरी, चकचकीत, देठाला हिरवं पान असलेली फळं. दूरचा व्यापारी झाकण उघडायचा आणि खूश व्हायचा. जो मुरलेला असेल तो मात्र वर पाहायचाच नाही. पेटीच्या कडेनं हात खाली सारायचा, तळातलं एक फळ ओढून काढायचा, आणि मग बोलायचा.

बॅनरवरचा तो रोशन गुलाबला वरच्या थरातला वाटला. पान लावलेला.

"सोमवारी पाहू, बाई," तो उठत म्हणाला.

"पाहू नाही काका, या!" मॅडम हसल्या.

घरी पल्लवी ओट्यावर बसली होती. तिच्या पायाशी डबा होता. सुचिता मॅडमनी तिच्यासमोर सोमवारचं नाव काढलं, त्या दिवसापासून ती रोज सकाळी तो डबा धुऊन, पुसून दारात आणून ठेवायची. रस्त्याकडे बघायची. गाडी आली नाही की आत नेऊन ठेवायची. डबा दोन खणांचा होता, कारण भाजीचा रस भाकरीला लागला की ती भाकरी तिच्या तोंडात जात नसे.

"सोमवारी," बापाला पाहून ती म्हणाली. "गाडी. डबा. सोमवारी."

"हव माय, सोमवारी."

"सोमवारी."

तेवीस वर्षांची पोरगी. रंग बापाचा, डोळे आईचे, पण ते डोळे समोरच्याच्या डोळ्यांना कधी भिडायचे नाहीत. केंद्रात तिला खोकी घडवायला फार आवडायचं. सपाट पुठ्ठ्याच्या कडा दुमडल्या की त्याचं खोकं होतं, याचं तिला दर खेपेला नवल वाटायचं. एक खोकं झालं की ती त्यात डोकावून पाहायची आणि गालातल्या गालात हसायची. पण कुठं वरातीचा डीजे वाजला, शेजारी कुकरची शिट्टी झाली, की तिचा उजवा हात आपसूक तोंडाकडे जायचा आणि ती मनगट करकचून चावायची. तिथली कातडी कायमची काळी, जाड झाली होती. तिची माय होती तोवर पदरात तिचं डोकं गुंडाळून घ्यायची. आता माय नव्हती. गुलाबच्या धोतराला पदर नव्हता.

आणि गुलाब तरी किती दिवस होता? हा प्रश्न तो कोणासमोर काढायचा नाही. पण पल्लवी डबा पुसायला बसली की तोच प्रश्न त्याच्या शेजारी येऊन बसायचा.

शेजारचा नत्थूजी संध्याकाळी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत आला. "काय गा, पोरीले नोकरी लागून राहिली अन् तू तोंड पाडून काहून बसला?"

"मले ते लोक बरोबर नाही वाटून राहिले."

"काय केलं त्याईनं?"

"बिस्किटं देल्ली."

नत्थूजीनं हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "बिस्किटात जहर होतं का?"

"हासू नको गा. कोनी फुकटात असं गोड बोलत नाही. फोटो काढाले पाह्यजे असन त्याइले पोट्टी. फोटो झाला का मंग देतील मशीनवर लोटून. कोन पाहाले जाते?"

"मंग जाऊन पाह्य नं तू!"

"पाह्यली. मॅडमच्या खोलीतून कंपनी दिसते का?"

नत्थूजीनं खर्रा तोंडात टाकला. "पोरगी द्याच्या आधी घर पाहाले जाते मानूस, तं काय घरच्यालेच इचारते का, का बाबू तू दारू पेते का म्हणून? आजूबाजूले इचारते. चक्कीवर इचारते, टपरीवर इचारते. तसा जा. जो फोटोत हाय, त्याच्या घरापर्यंत जा. पण आपल्या पोरीची गोष्ट काढू नको. कंपनीच्या कानावर गेलं का बाप चौकशा करत फिरून राहिला, तं हातची नोकरी जाईन."

हे गुलाबला पटलं. पेटीच्या कडेनं हात घालायचा तो असाच.

रविवारी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, पांढरा सदरा घातला, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि केसांना तेल लावून बस धरली. नत्थूजीच्या बायकोला पल्लवीजवळ बसवलं होतं. कंपनीच्या फाटकासमोर भिवाजीची चहाची टपरी होती. कंपनी बंद, पण ट्रकवाल्यांपायी टपरी चालू.

"कोन गावचे पाव्हणे?" चहा गाळता गाळता भिवाजीनं विचारलं.

"मोहगावचा."

"इकडं कोनाकडं?"

"असाच." गुलाबनं चहाचा घोट घेतला. "कंपनीत तो एक पोरगा हाय नं, फोटोतला. रोशन."

"वत्सलाबाईचा रोशन? हाय नं. काहून?"

"असंच इचारून राहिलो. कसा हाय पोरगा?"

भिवाजीनं आता त्याच्याकडे नीट पाहिलं. पांढरं धोतर, दुपट्टा, तेल लावलेले केस, रविवार.

"पोरगा म्हंजे सोनं," तो म्हणाला.

"टिकून काम करते का?"

"एक दिवस खाडा नाही."

"कंपनीतले लोक कसे वागतात त्याच्याशी?"

"लय जीव लावतात! अन् पाव्हणे, बिडी नाही, खर्रा नाही, दारू तं नावालेही नाही. कोनाच्या लेकीसुनेकडं मान वर करून पाहात नाही."

गुलाबच्या कपाळाला आठी पडली. हे आपण विचारलं नव्हतं. हा स्वतःहून एवढं गुणगान का करतो? टपरी कंपनीच्या दाराशी, गिऱ्हाईक कंपनीचं. याला पढवून ठेवलेला दिसतो.

"त्याले काही त्रास नाही का होत? आवाजाचा, गर्दीचा?"

"थोडा भोळा हाय, लपवत नाही. पण भोळा मानूस बरा का नाही? तुम्हाले पोरगी एकच का?"

"एकच," गुलाबच्या तोंडून निघून गेलं.

"बरं बरं!" भिवाजीचा चेहरा उजळला. "घर पाह्यचं असन नं? हे असे विहाराकडून वळसा घालून जा. जवळचा रस्ता खोदला हाय." आणि गुलाबनं खिशात हात घातला तर त्यानं तो हातच धरला. "पाव्हण्याजवळून पैसे घेतात का कोनी?"

आता तर गुलाबची खात्रीच झाली. चहासुद्धा फुकट! कंपनीनं पार टपरीपर्यंत बंदोबस्त केला होता. चालता चालता त्यानं मागे वळून पाहिलं. भिवाजी फोन कानाला लावून उभा होता.

विहाराकडून वळसा घालून तो पोचला तेव्हा वत्सलाबाईचं अंगण नुकतंच शिंपलेलं होतं. शेणामातीचा वास येत होता. प्लास्टिकच्या खुर्चीवर नवा टॉवेल अंथरला होता. शेजारच्या दारात तीन-चार बायका काही निवडत बसल्या होत्या, पण सुपात काहीच नव्हतं.

"जय भीम," दारातून गुलाब म्हणाला.

"जय भीम, दादा. या. बसा." वत्सलाबाई साठीच्या आत-बाहेर, हडकुळी बाई. अंगावर घडीचं लुगडं, आणि ओल्या केसांतून अजून पाणी निथळत होतं. "हा रोशन."

रोशन खाटेच्या कडेला ताठ बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर छताच्या पंख्यावर. अंगात फिकट पिवळा कोरा शर्ट. दुकानातल्या घडीच्या रेषा छातीवर तशाच उमटलेल्या, आणि गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

"पाव्हणे आले," तो पंख्याला म्हणाला.

"हव बाबू, पाव्हणे आले," वत्सलाबाई म्हणाली आणि पोहे आणायला आत गेली.

पोह्यांवर खोबरं होतं. गुलाबनं बशी हातात धरली आणि सरळ विषयाला हात घातला. "कंपनीत कसं हाय याचं?"

"बिलकुल घरासारखं, दादा."

"कोनी रागावत नाही?"

"कोनी नाही. मॅडम तं पोरासारखं पाह्यते. याचा फोटो लावला पाहा केवढा!"

"आवाज बिवाज?"

"काहीच नाही. शांत पोरगा हाय माझा. जेवला का झोपला, उठला का ड्यूटीवर. मले दोन गोष्टी इचारत नाही."

गुलाबनं तिच्याकडे पाहिलं. बाई बोलत होती, पण बोलताना बोटं लुगड्याचा काठ पिळत होती. आईचं तोंडसुद्धा कंपनीनं बांधून ठेवलं असेल तर मग खरं बोलणार कोण? आत हात घालायला जागाच उरली नव्हती.

"नाव काय पोरीचं?" वत्सलाबाईनं हळूच विचारलं.

"पल्लवी."

"चांगलं हाय." ती नाव मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहत असल्यासारखी थांबली. "भिवाजी म्हणे एकच हाय. तेही जराशी अशीच हाय का? असली तरी काही नाही, दादा. माझा तरी काय मोठा शहाणा हाय! स्वयंपाक नाही आला तरी चालते. मी शिकवीन. मले पोरगी नाही."

गुलाबच्या हातातली बशी हातातच राहिली.

शिंपलेलं अंगण, टॉवेल, रिकामी सुपं, कोरा शर्ट, टपरीवरचा फुकट चहा. सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढून फिरलं. कोणी कोणाला पढवलं नव्हतं. लोक सोयरिकीला आलेल्या माणसाशी जसं बोलतात तसं बोलत होते. आणि तो आलाही होता तसाच नटून.

काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि पलीकडच्या सूतगिरणीचा भोंगा झाला.

गिरणीला रविवार नव्हता. आवाज पत्र्यांतून, भिंतींतून आत शिरला. रोशन खाटेवरून उठला नाही. फक्त त्याचा उजवा हात गुडघ्यावरून सुटला आणि मनगट तोंडात गेलं. डोळे मिटले, मानेच्या शिरा फुगल्या. कोऱ्या बाहीतून मनगट वर आलं होतं. तिथली कातडी काळी होती, जाड होती. जागासुद्धा तीच.

वत्सलाबाईनं पाहुण्याकडे एकदा पाहिलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं. ती पोराच्या मागे जाऊन उभी राहिली आणि पदरात त्याचं डोकं धरून ठेवलं, भोंगा संपेपर्यंत.

"माझीही इथंच चावते," गुलाब म्हणाला. आपलं मनगट त्यानं पुढे केलं आणि बोटानं जागा दाखवली. मग त्याच्यानं राहवेना. "बाई, मी सोयरिकीसाठी नाही आलो. पोरीले त्याच कंपनीत बलावलं हाय. उद्यापासून. कंपनी कशी हाय ते पाहाले आलो होतो."

शेजारच्या दारातली सुपं थांबली. वत्सलाबाईनं पदर सोडला, पोराचे विस्कटलेले केस हातानं बसवले. कॉलर नीट होती, तीही पुन्हा नीट केली.

"तं आधी सांगाले काय झालं होतं?"

"म्या आडून इचारलं."

"तुम्ही आडून इचारलं, मी आडून सांगितलं." ती खाली बसली. रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "पोहे खाऊन घ्या. थंडे होऊन राहिले."

गुलाबनं पोहे खाल्ले. न खाता उठणं हा दुसरा अपमान झाला असता.

"पाव्हणे आले," रोशन म्हणाला.

"आता ऐका," वत्सलाबाई म्हणाली. "आतापर्यंत बोलली ते सोडून द्या. पह्यले याले पाकिटं भराच्या पट्ट्यावर उभं केलं होतं. वर पंखे, खाली मशीन, अन् भोंगा बरोब्बर डोक्यावर. रोज हात फोडून आणे. मी मॅडमकडं गेली, तं मॅडम म्हणे हो हो, पाहतो. वाईट नाही बाई, पण तिनं आत येऊन पाह्यलंच नाही. मंग एक दिवस फोटोवाला आणला. त्याचा उजेड फटकन डोळ्यात पडला. पोरगा घरी येऊन या खाटेखाली घुसला तो निघेच ना. कामावर जाणंच सोडलं. दादा, तो बॅनर लागला नं, तेव्हा माझा पोरगा घरी बसला होता."

गुलाबला वाटलं होतं ते खरं निघालं होतं, पण त्यात त्याला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही.

"मंग पुन्हा कसा गेला?"

"तुषार म्हणून सुपरवायझर हाय लाईनवर. तोंडाचा लय खराब. शिवीबिगर बोलत नाही. तो गाडी घेऊन इथं आला, दारात उभा राहून मलेच बोलला. म्हणे, काहून घरी बसवलं याले, खोके का तुम्ही येऊन घडवसान? अन् घेऊन गेला. मागच्या दरवाजाजवळ जागा देल्ली, खोक्यांच्या थप्पीमागं. आता भोंगा व्हायच्या जराशा आधी तो येते, याच्या खोक्यावर दोन बोटं वाजवते. का हा उठून बाहेर, पाण्याच्या टाकीमागं. भोंगा झाला का वापस."

"मॅडमनं सांगितलं त्याले तसं?"

"कोनी नाही सांगितलं. कोनाले इचारलंही नाही त्यानं. मॅडमले तं माहीतच नाही. तुम्हीही बोलू नका. माहीत झालं तं काय म्हणतील कोन जाणे."

"अन् तुषारची छुट्टी असली तं?"

"रोज याच्यासंग टपरीपर्यंत जाते नं मी. तुषारची गाडी आत गेलेली दिसली का याले आत सोडाचं. नाही दिसली तं घरी वापस."

"भिवाजी तं म्हणे एक दिवस खाडा नाही!"

वत्सलाबाई पहिल्यांदाच जरा हसली. "तो तुमच्या पोरीसाठी बोलला."

गुलाबनं बशी खाली ठेवली. "मंग कंपनी चांगली म्हणाव का वाईट?"

"कंपनीचं मले नाही समजत, दादा. तुषार चांगला हाय."

निघताना ती अंगणाच्या फाटकापर्यंत आली. अंगण अजून ओलं होतं. शेजारच्या बायका आत निघून गेल्या होत्या, याबद्दल गुलाबला त्यांचे उपकार वाटले.

"पाव्हणे आले," आतून आवाज आला. त्याला अजून कोणी पाहुणे गेले म्हणून सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पल्लवीनं डबा दारात ठेवला आणि गाडी खरोखरच आली. गुलाब तिच्यासोबत गाडीत बसला. ड्रायव्हर नको म्हणाला, तरी बसला. पोरगी रस्ताभर डबा मांडीवर घट्ट धरून होती.

मॅडमनी पुन्हा चहा मागवला. या वेळी गुलाबनं कपाला हात लावला नाही.

"मॅडम, तिले भोंगा सहन होत नाही," तो सरळ म्हणाला. "हात चावते, रगत निघेपर्यंत. त्याचं काय करान?"

"भोंग्याचं?" मॅडम थांबल्या. त्यांचं उत्तर पहिल्यांदाच लगेच आलं नाही. "तो तर सगळ्यांसाठीच असतो ना, काका. होईल सवय हळूहळू."

"नाही होत."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग पल्लवीच्या मनगटाकडे पाहिलं आणि नजर पटकन काढून घेतली. बाई खोटारडी नव्हती, हे गुलाबला आता कळलं. झाकण उघडून खूश होणाऱ्यांपैकी होती, इतकंच.

तुषारचं नाव त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. "तिले खोके घडवाच्या कामावर द्या, मागच्या दरवाजाजवळ. दुसरं काही नको."

"एवढंच ना? देऊ की!"

पुन्हा झटपट. पण पल्लवी तोवर दारापर्यंत गेली होती, आणि एक बाई तिला हात न लावता, पुढे चालून वाट दाखवत होती. ती मागे वळून पाहील म्हणून गुलाब थांबला. ती वळली नाही.

टपरीसमोरच्या बाकावर वत्सलाबाई बसलेली होती. भिवाजीनं गुलाबला पाहिलं आणि मान खाली घालून स्टोला पंप मारायला लागला. या वेळी त्यानं चहाचे पैसे घेतले. गुलाब बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्या मधे तिची पिशवी होती.

"तुषारची गाडी आत हाय," ती समोर पाहत म्हणाली.

ट्रक आले, गेले. फाटकाच्या जाळीतून पाण्याची काळी टाकी दिसत होती आणि तिच्याशेजारचा मागचा दरवाजा. ऊन टाकीवर चढलं. जेवणाच्या सुटीच्या भोंग्याची वेळ होत आली, तशी वत्सलाबाई जरा पुढे सरकून बसली. तिचं पाहून गुलाबही सरकला.

दरवाजा उघडला. रोशन एकटाच बाहेर आला.

गुलाब उठून उभा राहिला.

"बसा," वत्सलाबाई म्हणाली.

आतून एक खडा आवाज आला. "अगे ए मोहगाव! नीघ म्हणतो नं बाहेर! काय खोक्यात घर बांधून राह्यतं का?"

पल्लवी बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत न घडवलेले पुठ्ठे होते. ते तिनं आधीच कानांवर दाबून धरले होते. रोशनपासून बरीच दूर, त्याच्याकडे पाठ करून, ती टाकीच्या सावलीत उभी राहिली.

गुलाब बसला. आज झालं. उद्या होईल का, तुषार उद्या येईल का, पुढच्या साली इथं असेल का? भरवसा नव्हता. पाहत राहावं लागणार होतं. त्याची नजर पोरीवरून रोशनकडे गेली. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, पण त्याच्या आतून फिकट पिवळी कॉलर वर आलेली होती. गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

"काढूनच नाही राहिला," वत्सलाबाई म्हणाली. तिनंही तिकडेच पाहिलं होतं. "झोपलाही तसाच. पाव्हणे येऊन राहिले म्हणते."

तिला काही सांगायला गुलाबनं तोंड उघडलं, तेवढ्यात भोंगा झाला. वत्सलाबाईनं मधली पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली, आणि आवाज संपायची वाट पाहत दोघं टाकीकडे बघत बसून राहिले.